एका रायफलीला एकच गोळी: सोनाराच्या तराजूतून

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मूळ गाव देवरुख, नोकरी कॅनडात अल्बर्टाला. तिथला बंदुकीचा परवाना झाला, शिकाऱ्यांसाठीचा कोर्स झाला, आणि शेजारच्या निवृत्त गृहस्थांकडून जुनी थर्टी-ऑट-सिक्स बोल्ट रायफल विकत घेतली. थर्टी-ऑट-सिक्स हे काडतुसाच्या मापाचं नाव, आणि बोल्ट म्हणजे दर बारानंतर हाताने मागेपुढे करायची मूठवाली दांडी. काडतुसं घरी भरायला तेच शिकवणार आहेत. तुम्हाला अशी एकच गोळी हवी आहे जी पांढऱ्या शेपटीच्या हरणालाही चालेल, एल्क या मोठ्या हरणालाही, आणि नशिबाने त्याहून मोठ्या मूसची परवानगी मिळाली तर त्यालाही. मांस घरीच खाणार. घरात चार वर्षांची मुलगी. हे शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझं उत्तर त्याच्यावरच बेतलेलं आहे. ते पुढे येईल.

मी राजापूरचा, सोनाराच्या घरातला. १९९४ ते २०१७ नामिबियात डिझेल मेकॅनिक होतो. ओचिवारोंगोच्या आसपास गुरांच्या फार्मवर पंप, जनरेटर, ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. पगाराबरोबर मांस मिळायचं, आणि ते आणायला जाणाऱ्या गाडीत हळूहळू मीही बसू लागलो. काडतुसं भरायला तिथेच शिकलो. वडिलांचा तराजू बघत वाढलेल्या माणसाला ते काम अवघड गेलं नाही.

इथल्या वाचकांसाठी एक खुलासा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. शेतसंरक्षणाची बंदूक घरात असली तरी डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते. तेव्हा पुढचं सगळं अल्बर्टासाठी आहे, आडिवऱ्याच्या सड्यासाठी नाही.

आता मुद्द्याचं. आपण मराठीत अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो, आणि निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो. काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. जनावरापर्यंत पोचते ती फक्त शेवटची. बाकी तिघींचं काम तुमच्या गालाजवळच संपतं. आणि तरी नवे लोक कोणती दारू, किती वेग, यावर सहा महिने घालवतात आणि गोळी मात्र दुकानात जी स्वस्त दिसेल ती उचलतात. मीही तेच केलं होतं.

पहिल्या दोन वर्षांतली गोष्ट. १५० ग्रेनची (पावणेदहा ग्रॅमच्या आसपास) साधी गोळी, म्हणजे शिशाचा गाभा आणि वर तांब्याचं पातळ वेष्टण. वेग भरपूर ठेवला होता, कागदावर नेम सुरेख पडत होता. एका सकाळी काटेरी झुडपांतून गेम्सबॉक या मोठ्या हरणाचा नर चाळीस पावलांवर उभा राहिला, किंचित तिरका, आमच्याकडे खांदा करून. मी खांद्यावर नेम धरला. आवाज झाला, जनावर गुडघ्यावर आलं, उठलं आणि गेलं. बरोबरचा म्हातारा पागी, म्हणजे माग काढणारा, काही बोलला नाही. फक्त खाली वाकून बोटावर रक्त घेतलं, वास घेतला आणि चालू लागला. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा सापडलं, आणि दुसरी गोळी घालावी लागली. सोलल्यावर कळलं: खांद्यावर ताटलीएवढी जखम, हाडाचा चुरा, पण फुप्फुसापर्यंत काहीच पोचलेलं नाही. गोळी हाडावर फुटून विखुरली होती. जो सर्वांत मोठा तुकडा मिळाला तो रात्री तराजूत घातला. दहा माशांच्या गोळीचे हाती आले पावणेतीन मासे.

मासे म्हटल्यावर आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळंच आठवेल, पण हे सोनाराचे मासे. जुना तोळा म्हणजे १८० ग्रेन, ११.६६ ग्रॅम. हल्ली पेढीवर दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, तो नव्हे. बारा माशांचा एक तोळा, म्हणजे मासा झाला १५ ग्रेनचा, आणि आठ गुंजांचा एक मासा. थर्टी-ऑट-सिक्सची सगळ्यांत प्रसिद्ध गोळी १८० ग्रेनची, म्हणजे बरोबर एक तोळा! हे ध्यानात आलं त्या दिवशी मला विंडहुकच्या दुकानात उभ्या उभ्या हसू आलं होतं. तेव्हापासून माझ्या वहीत जनावरातून काढलेल्या प्रत्येक गोळीचं वजन माशांत लिहिलेलं आहे.

आमच्या वाडीत एक आजोबा होते, ठासणीची बंदूक बाळगणारे. भात पोटरीला आलं की रात्री माळ्यावर बसायचे. ते म्हणायचे, "छर्रा डुकराला नाय लागत, त्याच्या चिखलाला लागतो." डुक्कर चिखलात लोळून येतं, तो थर वाळून खांद्यावर ढालीसारखा बसतो. गंमत म्हणजे नेमकी हीच अडचण १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर नावाच्या गृहस्थांना आली. हातात थ्री-हंड्रेड हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम, म्हणजे तुमच्या रायफलीहून दांडगी. समोर चिखलाने माखलेला मूस. गोळ्या आत शिरण्याऐवजी वरच फुटत राहिल्या. घरी जाऊन त्यांनी मधे तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी बनवली. भिंतीपुढचं शिसं पसरतं, मागचं जसंच्या तसं पुढे घुसत राहतं. १९४८ पासून ती पार्टिशन या नावाने विकली जाते, आणि आजही तिला नाव ठेवायला जागा नाही. माझ्या वहीत तिच्या बहुतेक नोंदी आठ माशांच्या आसपास आहेत: तोळ्यातला तिसरा हिस्सा पुढे उडाला, दोन हिस्से शेवटपर्यंत गेले.

पार्टिशनच्या पुढचे दोन प्रकार तुम्हाला दुकानात दिसतील. एकात शिशाचा गाभा वेष्टणाला डाग देऊन जोडलेला असतो, भांड्याला देतात तसा, त्यामुळे दोन्ही सुटे होत नाहीत. यांना बाँडेड म्हणतात. दुसरा अख्खा तांब्याचा, टोकाला पोकळी, आत शिसं मुळीच नाही. बार्न्स कंपनीने १९८९ मध्ये एक्स नावाने ही बाजारात आणली. सुरुवातीच्या एक्स गोळ्या नळीत तांबं फार सोडायच्या. मग अंगावर खाचा असलेली टीएसएक्स आली आणि ती तक्रार बरीच मिटली. तांब्याची गोळी चार पाकळ्यांत उमलते आणि वजन जवळजवळ सगळं राखते. साडेअकरा मासे, कधी पुरते बारा.

तुमच्यासाठी मी तांब्याची निवडतो, आणि कारण तुमची मुलगी. शिशाची गोळी फुटते तेव्हा तिचे बारीक कण जखमेपासून लांबपर्यंत मांसात पसरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखाली येत नाहीत, पण एक्स-रेमध्ये चांदण्यासारखे चमकतात. लहान मुलांच्या मेंदूला शिसं किती वाईट हे आपल्याकडे रंगांच्या निमित्ताने ऐकलेलं असेलच. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. तिथे मुख्य कारण मेलेल्या जनावरांवर जगणारी कॉन्डर गिधाडं. घरात फक्त मोठी माणसं असती तर मी डोळे मिटून १८० ची पार्टिशन सांगितली असती.

वजन किती? शिशाची असती तर १८०. तांब्याची असेल तर १६५ किंवा १६८. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत दारूची जागा खाते आणि वेग घटतो. तो वेग तांब्याला हवाच असतो, कारण कडक धातू हळू लागला तर उमलत नाही, सुईसारखा आरपार जातो. साधारण २,००० फूट प्रतिसेकंद याच्या खाली मी तांब्याच्या गोळीवर भरवसा ठेवत नाही. १६८ ग्रेन २,८०० फुटांच्या आसपास नळीबाहेर पडली तर तीनशे यार्डांपर्यंत तुम्ही सुरक्षित आहात. त्यापलीकडे नव्या माणसाने चाप ओढूच नये, गोळी कुठलीही असो. तिथे वारा आणि तुमचा श्वास हे दोघं गोळीपेक्षा मोठे.

"पण १५० ची गोळी सरळ जाते ना?" हा प्रश्न येणारच. हिशोब करून बघा. दोनशे यार्डांवर नेम बसवलेला असला तर तीनशे यार्डांवर १६५ ची गोळी साधारण वीतभर खाली लागते. १५० आणि १८० यांच्यातला फरक तिथे जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. हरणाच्या छातीवर तो दिसतही नाही. शंभर यार्डांवर दोघी अडीच-तीन बोटं वर लागतात. म्हणजे तीनशेपर्यंत तुम्हाला एवढंच पाठ करायचंय: शंभरला तीन बोटं वर, दोनशेला नेमावर, तीनशेला वीतभर खाली. दुर्बिणीवरचे आकडे फिरवत बसायची गरज नाही.

आणि म्हणूनच एकच गोळी. हरणाला हलकी, मूसला जड, असे दोन साठे ठेवणाऱ्यांची नेहमी एकच गत होते: खिशात चुकीचं काडतूस निघतं. शिवाय दोन्हींचा नेम एकाच जागी पडत नाही. माझ्या रायफलीत दोघींत तळहाताएवढं अंतर होतं. गोळी निवडायची ती सगळ्यांत मोठ्या जनावराच्या सगळ्यांत वाईट कोनासाठी. मूससाठी पुरेशी असलेली गोळी हरणाला थोडी जास्त होते, एवढंच. उलट तांब्याची गोळी हरणाचं मांस कमी नासवते, कारण ती फुटत नाही. मात्र तिच्यासाठी खांद्यामागच्या नुसत्या फासळ्यांपेक्षा खांद्याच्या मागच्या कडेला नेम धरा. तिला उमलायला थोडा अडथळा लागतो.

ताकद पुरेल का, ही शंका सोडा. नामिबियात कायद्यानेच ठरवलेलं आहे: स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणांसाठी गोळीची नळीपाशी ऊर्जा किमान १,३५० जूल, कुडू, गेम्सबॉक, ईलँड अशा मोठ्या हरणांसाठी २,७००, आणि म्हशी-हत्तींसाठी ५,४००. थर्टी-ऑट-सिक्सची एक तोळ्याची गोळी २,७०० फूट वेगाने ३,९०० जूलच्या वर जाते. ईलँडचा मोठा नर आठशे-नऊशे किलोपर्यंत भरतो, मूसपेक्षा जड. मी ईलँड पाडलाय, याच रायफलीने, आणि तिथल्या माणसांना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. त्याचं वाळवलेलं मांस, त्याला बिलटाँग म्हणतात, अंगणात दोरीवर लटकलेलं बघून मला आपल्या वाळत घातलेल्या बोंबलांची आठवण झाली होती. वासाने नव्हे, माश्या हाकलायला बसवलेल्या पोरामुळे.

आता काडतुसं भरण्याबद्दल. दारूचं प्रमाण मी आकड्यात सांगणार नाही, आणि जो कोणी सांगेल त्याचं ऐकू नका, शेजाऱ्यांचंही. ज्या कंपनीची गोळी घ्याल तिच्याच छापील पुस्तकातून, त्याच गोळीच्या नावापुढचा आकडा घ्या. शिशाच्या १६५ चा आकडा तांब्याच्या १६५ ला लावू नका. तांब्याची गोळी लांब आणि कडक असते, नळीच्या आट्यांत, म्हणजे आतल्या पिळदार खाचांत, शिरताना जास्त दाब उभा करते. पुस्तकातल्या कमाल आकड्याच्या दहा टक्के खालून सुरुवात करायची आणि अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने वर जायचं. दारू मध्यम ते मंद जळणारी, ४३५० जातीची घ्या. ती पुंगळी जवळजवळ भरून टाकते, त्यामुळे चुकून दोनदा पडली तर बाहेर सांडते आणि चूक तिथल्या तिथे कळते.

पण त्याच्याही आधी दोन कामं. जुनी रायफल बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊन चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) आणि बोल्टमधलं अंतर मोजून घ्या. आणि रायफलीबरोबर शेजाऱ्यांनी डबाभर भरलेली काडतुसं दिली असतील तर ती उडवू नका. सज्जन माणूस असेल, पण वीस वर्षांपूर्वी त्या दुपारी त्याने काय भरलं ते त्यालाही सांगता येणार नाही. हातोडीसारखं एक अवजार मिळतं, त्याने गोळी सुटी करून दारू टाकून द्या.

टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पंखा, हीटरचा झोत बंद. ०.१ ग्रेन म्हणजे गुंजेचा जेमतेम विसावा भाग, आणि काट्याला तेवढं हलायला दाराची फट पुरते. माझे वडील नथीचे मोती तोलताना आम्हाला श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून घ्यायला लावत. सगळ्या पुंगळ्या भरून झाल्या की टॉर्च घेऊन प्रत्येकीत वाकून बघायचं, दारू एका पातळीला आहे ना, आणि मगच गोळ्या बसवायच्या. पुंगळी दर वेळी पूर्ण लांबीच्या डायमधून, म्हणजे तिला मूळ मापात आणणाऱ्या साच्यातून, काढा. फक्त मान दाबून नेमबाजी सुधारते असं सांगणारे भेटतील. त्यांना स्पर्धा जिंकायची असते, तुम्हाला बर्फात हातमोजे घालून दुसरं काडतूस आत ढकलायचंय. पुंगळीची लांबी ६३.३५ मिलिमीटरच्या वर गेली की कापायची. अख्खं काडतूस ८४.८४ च्या आत, नाहीतर मॅगझिनमध्ये अडकतं.

दाब वाढल्याची लक्षणं: बोल्टची मूठ जड उचलली जाते, टोपी चेपून सपाट होते, पुंगळीच्या बुडावर चकचकीत ठसा उमटतो. आणि वेगमापकावर पुस्तकापेक्षा जास्त आकडा दिसला तर बाकी काही दिसत नसलं तरी थांबायचं. फुकटचा वेग कोणी देत नाही.

यात माझी एक फजिती आहे. जुलै म्हणजे तिथला हिवाळा. पहाटे गारठ्यात बसून मी काडतुसातल्या दारूचं प्रमाण बसवलं, कमाल आकड्याला टेकवून, खूश होऊन. नोव्हेंबरात तीच काडतुसं गाडीच्या काचेखाली दुपारभर उन्हात राहिली. पहिला बार काढला आणि बोल्ट उघडेना. तळहाताने ठोकला, लाकडाच्या दांडक्याने ठोकला, शेवटी पुंगळी निघाली तेव्हा टोपीची कड गायब, अगदी चपटी. तापलेल्या दारूने दाब वाढवला होता. तुमच्याकडे उलटं होईल: जुलैच्या उन्हात बसवलेलं काडतूस नोव्हेंबरात उणे पंधरात नेलंत तर वेग घटेल आणि नेम जरा खाली येईल. एच-४३५० सारख्या काही दारू हवामानाला फार दाद देत नाहीत, म्हणून तीच बघा. आणि कमालीच्या एक-दीड ग्रेन खाली थांबा. त्याने जो वेग जातो तो मूसला कळत नाही.

थंडीचं आणखी एक. आपण कोकणात गंज चढू नये म्हणून लोखंडाला तेलात बुडवून ठेवायला शिकलेलो. तिथे बोल्टच्या आतली सुई पुसून कोरडी ठेवा. तेल थिजलं की सुई हळू आपटते आणि काडतूस उडतच नाही. रायफल उबदार खोलीत आत-बाहेर करू नका, पाणी सुटतं आणि बाहेर गोठतं.

नेमाची अपेक्षा किती ठेवायची? शंभर यार्डांवर तीन गोळ्या दीड इंचात, म्हणजे जुन्या रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या जास्त जागेत पडल्या तर पुढे काही करू नका. लोक एका इंचासाठी दोनशे गोळ्या जाळतात, आणि तांब्याच्या गोळ्या स्वस्त नाहीत. जुन्या नळ्या कधी कधी तांब्याला रुसतात; आधी नळी तांब्याच्या सॉल्व्हंटने निळा रंग निघायचा थांबेपर्यंत साफ करा, मग गोळी आट्यांपासून थोडी आणखी मागे बसवून बघा. तरी जमलं नाही तर बाँडेड १८० कडे वळा, आणि जखमेभोवतीचं मांस हातभर कापून टाका. महत्त्वाची गोळी पहिली, थंड नळीतली. आठवडाभर रोज सकाळी एकच बार काढा, त्याच कागदावर. सात दिवसांनी त्या कागदावर जे दिसेल तीच तुमची खरी रायफल. निघण्याआधी प्रत्येक काडतूस रेंजवर, नळी मातीच्या बांधाकडे करून, एकदा चेंबरमध्ये घालून काढा. एखादं जड जातंच.

खरं तर पहिल्या हंगामात काडतुसं भरूच नका. त्याच तांब्याच्या गोळीची कारखान्यातली दोन-तीन खोकी विकत घ्या, पुंगळ्या जपून ठेवा, आणि शेजाऱ्यांजवळ हिवाळाभर बसून हात बसवा.

आणि गणपतीला गावी याल तेव्हा बॅगेचे सगळे कप्पे, जाकिटाचे खिसे, मुलीच्या खेळण्यांची पिशवीसुद्धा अंगणात उलटी करून झटका. मुंबई विमानतळावर जिवंत काडतूस सापडलं तर सरळ गुन्हा, आणि नुसती रिकामी पुंगळी निघाली तरी चौकशीत रात्र जाते. कोकणकन्या तुमच्यासाठी थांबायची नाही.